दात काढल्यानंतर: पहिल्या तासापासून जखम भरून येईपर्यंत

दात काढण्याचे काम बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात उरकते. जखम भरण्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि ते घरीच पार पडायचे असते. दवाखान्यातून निघताना मिळालेला सूचनांचा कागद औषधांच्या चिठ्ठीबरोबर घडी होऊन पाकिटात जातो आणि भूल उतरू लागली की घरातला प्रत्येक जण आपापला उपाय सुचवू लागतो. कोणी लवंगेचे तेल काढते, कोणी हळद भरायला सांगते, कोणी लगेच गरम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला बसवते. यांतला एखादा उपाय मुळात चांगला असला तरी चुकीच्या दिवशी केल्यास त्रास वाढवतो, म्हणून येथे सर्व माहिती दिवसांच्या क्रमाने दिली आहे. ती मुख्यतः प्रौढ व्यक्तीचा साधा दात किंवा दाढ काढल्यानंतर आणि खालच्या अक्कलदाढेच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर उपयोगी पडेल. आपल्या दंतवैद्यांनी काही वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे. जखम त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली असते.

खोबणीत नेमके काय घडते

दात निघाला की जबड्याच्या हाडात त्याच्या मुळांच्या आकाराची खोबण उघडी राहते. काही मिनिटांत ती रक्ताने भरते, रक्त गोठते आणि गुठळी तयार होते. उघड्या हाडावर आणि मज्जातंतूंच्या टोकांवर त्या काळात एवढेच आवरण असते, आणि पुढच्या दिवसांत नव्या पेशी व बारीक रक्तवाहिन्या याच गुठळीच्या जाळीतून वाढत जातात. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तेथे लालसर, मऊ, किंचित धक्क्यानेही रक्त येईल अशी नवी ऊती दिसते. साधारण तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी धरते. आतले हाड भरून यायला मात्र तीन ते सहा महिने लागतात. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक सूचना ही गुठळी जागेवर राहावी एवढ्याचसाठी आहे. हे कारण पक्के ध्यानात ठेवले तर सूचनांचा कागद हरवला तरी फारसे बिघडत नाही, कारण समोर आलेली गोष्ट करावी की करू नये हे आपले आपल्यालाच ठरवता येते.

दात काढण्याआधी सांगायच्या गोष्टी

खरी काळजी खुर्चीत बसण्याआधीच सुरू होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या दंतवैद्यांना दाखवाव्यात आणि स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयविकारानंतर दिलेली ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल साध्या दात काढण्यासाठी सहसा थांबवली जात नाही, कारण हिरडीतले रक्त दाबून थांबवता येते, पण गोळी बंद केल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी अडकली तर ते नुकसान भरून येत नाही. वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) अलीकडची तपासणी, म्हणजे शक्यतो आदल्या दिवसाची आणि फार तर तीन दिवसांपूर्वीची, बरोबर न्यावी.

मधुमेही व्यक्तीने सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता आणि नेहमीची औषधे घेऊनच जावे. हृदयाची झडप बदललेली असेल, मान किंवा जबड्यावर किरणोपचार झाले असतील, हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची ॲलेन्ड्रोनेट गोळी किंवा वर्षाचे झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन घेतले असेल, तर हे सांगितल्याशिवाय दात काढून घेऊच नये. हाडांवरच्या या औषधांमुळे आणि किरणोपचारांमुळे जबड्याचे हाड भरून न येता उघडे राहण्याचा धोका असतो. आजीला वर्षातून एकदा दिलेले इंजेक्शन घरात कोणाच्या लक्षातही नसते, म्हणून वयस्कर माणसाबरोबर जाणाऱ्याने जुनी फाईल सोबत ठेवावी.

घरी मऊ जेवणाची तयारी, फ्रीजमध्ये बर्फ आणि एक जादा उशी एवढे आधीच असावे. दवाखान्यातून परतल्यावर केमिस्टकडे धावाधाव करण्यापेक्षा औषधे वाटेतच घ्यावीत.

पहिला तास: बोळा

डॉक्टर जखमेवर गॉजचा बोळा ठेवून तो दाबून धरायला सांगतात. येथे दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे बोळा नुसता तोंडात ठेवला जातो, दाबला जात नाही. तो खोबणीच्या बरोबर वर असावा आणि वरच्या-खालच्या दातांनी एकसारखा चावून धरावा. दुसरी चूक म्हणजे दर पाच मिनिटांनी तो बाहेर काढून रक्त थांबले का ते पाहणे. प्रत्येक वेळी गॉजला चिकटलेली कोवळी गुठळी उचकटते आणि रक्त नव्याने सुरू होते. तीस ते पंचेचाळीस मिनिटे घड्याळ लावून गप्प बसावे, बोलणे टाळावे. बोळा काढताना तो कोरडा पडून चिकटला आहे असे वाटले तर थोडे पाणी सोडून भिजवावा आणि मग हलकेच बाजूने काढावा.

तोंडात साचणारी लाळ थुंकू नये, गिळावी. हे अनेकांना जमत नाही, किळस येते, पण थुंकताना गाल आणि जीभ मिळून तोंडात जी ओढ तयार करतात ती गुठळीला हलवते. शिवाय चमचाभर लाळेत रक्ताचे दोन थेंब मिसळले तरी बेसिन लालभडक दिसते आणि माणूस घाबरून आणखी थुंकत राहतो. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी असणे आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर फिकट डाग दिसणे यात काळजीचे काही नाही.

बोळा काढल्यावरही रक्त खरोखर वाहत असेल, म्हणजे तोंड पुनःपुन्हा ताज्या रक्ताने भरत असेल, तर आधी ताठ बसावे, आडवे होऊ नये. स्वच्छ गॉज किंवा धुतलेल्या सुती रुमालाची जाड घडी किंचित ओली करून जखमेवर ठेवावी आणि अर्धा तास अजिबात न उघडता दाबून धरावी. घरात काळ्या चहाची टी-बॅग असेल तर ती कोमट पाण्यात भिजवून, गार करून, पिळून तशीच दाबता येते. चहातील टॅनिनमुळे रक्तवाहिन्या आकसून रक्त थांबायला मदत होते. दोनदा असे करूनही थांबले नाही तर दवाखान्यात फोन करावा, आणि फोन लागला नाही तर सरळ रुग्णालय गाठावे.

भूल असेपर्यंत

खालच्या जबड्याची भूल ओठ, गाल आणि जिभेवर तीन ते पाच तास टिकते. तोवर चावून खाऊ नये आणि गरम काही पिऊ नये, कारण जीभ भाजली किंवा ओठ चावला गेला तरी कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते. बधीर ओठाची गंमत वाटून मूल तो चावत बसते आणि संध्याकाळी ओठ सुजून फुगतो, तेव्हा आईवडिलांना तो दात काढण्याचा परिणाम वाटतो. भूल उतरेपर्यंत मुलाजवळ कोणीतरी बसावे.

वेदनाशामकाची पहिली गोळी भूल पूर्ण उतरण्याआधीच घ्यावी. दुखू लागल्यावर घेतलेल्या गोळीला परिणाम दाखवायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो वेळ फार जड जातो. नेहमीच्या प्रकृतीच्या प्रौढाला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची जोडी दातांच्या दुखण्यावर चांगली लागू पडते. मात्रा डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे ठेवावी. पहिले दोन दिवस ‘दुखेल तेव्हा’ न घेता ठरलेल्या अंतराने घेतलेली गोळी कमी गोळ्यांत अधिक आराम देते, हा अनुभव बहुतेकांना येतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. मूत्रपिंडाचा आजार, पोटातील अल्सर, वेदनाशामकाने उसळणारा दमा किंवा गरोदरपण असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. पावसाळ्यात दात काढल्यानंतर ताप आला आणि गावात डेंग्यूची साथ असेल तर या गोळ्या थांबवून फक्त पॅरासिटामॉलवर राहावे आणि रक्त तपासून घ्यावे. पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा निरोगी प्रौढासाठी 4 ग्रॅम आहे, म्हणजे 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा तेच औषध असते, हे हिशेबात धरावे. नुसत्या दुखण्यासाठी घरातली ॲस्पिरिन घेऊ नये, ती रक्त वाहते ठेवते.

प्रतिजैविक प्रत्येकाला लागत नाही. ते चिठ्ठीत नसेल तर आपल्या मनाने शेजाऱ्याची उरलेली अमॉक्सिसिलिन सुरू करू नये, आणि लिहून दिले असेल तर दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून अर्ध्यात सोडू नये. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू पूर्ण वर्ज्य असते.

पहिले चोवीस तास: ओढ, फुंकर आणि शेक

या काळात चूळ भरायची नाही, ब्रश जखमेच्या जवळ न्यायचा नाही, स्ट्रॉने काही प्यायचे नाही. शहाळ्याचे पाणी चांगलेच, पण पेल्यात ओतून घ्यावे. ओढ आणि फुंकर यांच्या यादीत आपल्याकडच्या काही गोष्टी सूचनांच्या छापील कागदावर नसतात, म्हणून येथे मुद्दाम सांगतो: कपालभाती आणि भस्त्रिका, तेलाचे गंडूष (तोंडात तेल भरून धरणे), बासरी किंवा सनई वाजवणे, फुगे फुगवणे, आणि अजूनही चूल पेटते त्या घरांत फुंकणीने फुंकणे. हे सर्व किमान आठवडाभर बंद ठेवावे. पहिले दोन-तीन दिवस व्यायाम, पाण्याच्या घागरी किंवा सिलिंडर उचलणे आणि फार वेळ खाली वाकून करायची कामेही टाळावीत. डोक्याकडे रक्ताचा जोर वाढला की थांबलेले रक्त पुन्हा सुरू होते. झोपताना दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे.

पहिल्या दिवशी बर्फाचा शेक बाहेरून, गालावर घ्यावा. बर्फ पातळ रुमालात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, तेवढाच वेळ काढून ठेवावा आणि पुन्हा घ्यावा. गरम शेक पहिले दोन दिवस देऊ नये. सुजेवर गरम विटेचा किंवा तव्यावरच्या कापडाचा शेक देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ती इतर दुखण्यांत उपयोगीही पडते, पण येथे पहिल्याच संध्याकाळी उष्णता दिली तर सूज आणि रक्त दोन्ही वाढतात. अठ्ठेचाळीस तासांनंतर मात्र जबडा आखडला असेल तर ओलसर कोमट शेकाने स्नायू सुटतात.

तंबाखू, मिश्री आणि सुपारी

या विषयावर छापील कागदात ‘धूम्रपान टाळा’ एवढेच लिहिलेले असते, पण महाराष्ट्रात विडी-सिगारेटीपेक्षा तोंडात ठेवायच्या तंबाखूचा प्रश्न मोठा आहे. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी असली तरी तो खाणारे कमी झालेले दिसत नाहीत, आणि घरी भाजलेली मिश्री लावणाऱ्या बायका तिला व्यसन समजतच नाहीत. विचारले तर ‘मी काही खात नाही’ असेच सांगतात. निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला मिळायचा रक्तपुरवठा घटतो. धूर ओढण्याने गुठळी निखळते. चुना उघड्या मांसाला भाजतो. सुपारीची कणी खोबणीत जाऊन बसते. निदान पहिले तीन दिवस यांतले काहीही तोंडात जाऊ देऊ नये, आणि आठवडाभर थांबता आले तर उत्तम. ‘दुसऱ्या बाजूला ठेवतो’ ही पळवाट चालत नाही, कारण लाळ सगळीकडे फिरते. तलफ आवरत नसेल तर हे दंतवैद्यांना आधीच मोकळेपणाने सांगावे; ते रागावतील म्हणून लपवण्यात आपलेच नुकसान आहे.

काय खावे

भूल उतरल्यावर पहिल्या दिवशी गार किंवा कोमट, न चावता गिळता येईल असे खावे: तांदळाची किंवा नाचणीची पेज, घोटलेली मुगाची खिचडी, मऊ गुरगुट्या भात आणि साधे वरण, दही, कुस्करलेले केळे, गार दूध. आइस्क्रीम चालते, पण चमच्याने आणि सुक्यामेव्याशिवाय. चहा सोडवत नसेल तर बशीत ओतून पूर्ण कोमट करून प्यावा, मात्र फुर्रकन ओढून नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मऊ उपमा, शिरा, इडली, दुधात किंवा आमटीत कुस्करलेली पोळी, भोपळ्याची शिजवलेली भाजी असे वाढवत न्यावे आणि दुसऱ्या बाजूने चावावे.

आठवडाभर चिवडा, फरसाण, कुरमुरे, शेंगदाणे, तीळ आणि खसखस ताटाबाहेर ठेवावेत. तीळ आणि खसखशीचा विशेष उपद्रव असा की त्यांचे दाणे खोबणीत नेमके बसतात आणि नुसत्या चूळ भरण्याने निघत नाहीत. ठेचा आणि तिखट रस्सा यांनी कायमचे नुकसान होत नसले तरी आग इतकी होते की पुढचे जेवण नकोसे होते.

भात खाल्ल्याने किंवा दह्याने जखमेत पू होतो, असा समज अनेक घरांत आहे. त्यात तथ्य नाही. पू जंतुसंसर्गाने होतो, आणि या समजापायी चार दिवस नुसत्या चहा-बिस्किटांवर काढलेल्या माणसाची जखमच उशिरा भरते. उपवास असेल तर तो या आठवड्यापुरता सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट असते आणि उपाशीपोटी वेदनाशामक घेतल्याने पोटाचा त्रास वेगळाच उभा राहतो. उपवास करायचाच असेल तर वरीच्या तांदळाची मऊ पेज आणि ताक यांवर निभावता येते.

दुसऱ्या दिवसापासून: मिठाचे पाणी आणि ब्रश

चोवीस तास उलटल्यावर मिठाच्या पाण्याचा खरा काळ सुरू होतो. एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपण्यापूर्वी, असे दिवसातून चार-पाच वेळा वापरावे. खळखळून चूळ भरायची नाही. तोंडात पाणी घ्यावे, मान सावकाश जखमेच्या बाजूला कलती करून अर्धा मिनिट तसेच ठेवावे, दुसरीकडे कलती करावी आणि बेसिनवर वाकून तोंड नुसते उघडावे; पाणी आपोआप पडते. हे आठवडाभर चालू ठेवावे.

दात घासणे बंद ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यामुळेच तिसऱ्या दिवशी तोंडाला वास येऊ लागतो. दुसऱ्या दिवसापासून मऊ ब्रशने बाकीचे सर्व दात नेहमीप्रमाणे घासावेत, जखमेशेजारच्या दाताजवळ हात हलका करावा आणि पेस्टचा फेस पाण्यासारखाच पडू द्यावा. क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश लिहून दिले असेल तर ते घासण्यानंतर अर्ध्या तासाने वापरावे, कारण पेस्टमधील काही घटकांनी त्याचा प्रभाव कमी होतो. त्याने चव बदलते आणि दोन आठवड्यांहून अधिक वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, तेव्हा सांगितल्यापेक्षा जास्त दिवस वापरू नये.

आरशात काय दिसेल

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोक टॉर्च लावून आरशात पाहतात आणि खोबणीवर पांढरट-पिवळसर थर दिसला की पू झाला म्हणून घाबरतात. दुधावरच्या सायीसारखा दिसणारा हा थर बहुतेक वेळा फायब्रिनचा असतो, म्हणजे भरत आलेल्या जखमेचे नैसर्गिक आवरण. तो ओला असतो, त्याला घाण वास नसतो आणि दुखणे रोज थोडे थोडे कमी होत असते. तो टूथपिकने, कानकोरण्याने किंवा ब्रशने खरवडू नये. पू असेल तर तो दाबल्यावर वाहतो, चव खारट-कडवट लागते, सूज आणि ताप वाढत जातो.

सूज साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि नंतर उतरते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाल कालपेक्षा जास्त सुजलेला दिसला तर ते अपेक्षितच आहे. वयस्कर व्यक्तींच्या गालावर किंवा हनुवटीखाली निळसर डाग उतरतो आणि हिरवट-पिवळा होत आठवडा-दीड आठवड्यात जातो. अक्कलदाढेनंतर तोंड पूर्ण उघडत नाही. एरवी आपली तीन बोटे उभी आत जातात, तेथे एकच जाते. तिसऱ्या दिवसापासून कोमट शेक घेऊन दिवसातून काही वेळा सावकाश तोंड उघडण्याचा सराव करावा. आठवड्यानंतरही सुधारणा नसेल तर दाखवावे. गुटखा-सुपारी खाणाऱ्याचे तोंड मुळातच कमी उघडत असेल तर तो दाढेचा दोष नव्हे. त्याची वेगळी तपासणी लवकर करून घ्यावी, कारण सुपारीने तोंड आखडत जाण्याच्या आजारात पुढे कर्करोगाचा धोका असतो.

कोरडी खोबण: तिसऱ्या दिवशी वाढणारे दुखणे

या सर्व काळजीचे मुख्य कारण येथे आहे. गुठळी निखळली किंवा वेळेआधी विरघळली तर हाड उघडे पडते. दंतवैद्य याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दात काढण्यात हे शंभरात दोन ते पाच जणांना होते, खालच्या अक्कलदाढेनंतर त्याहून पुष्कळ अधिक. तंबाखू घेणारे, गर्भनिरोधक गोळ्या चालू असलेल्या स्त्रिया, ज्यांचा दात काढायला फार खटपट झाली ते आणि ज्यांना आधी एकदा हा त्रास झाला ते, यांनी अधिक सावध राहावे.

ओळखण्याची खूण दुखण्याच्या चालीत आहे. साधे दुखणे पहिल्या दिवशी सर्वाधिक असते आणि ओसरत जाते. येथे पहिले एक-दोन दिवस बरे जातात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांदरम्यान एकाएकी खोल ठणका सुरू होतो, तो कानात आणि कानशिलात जातो, रात्री झोपू देत नाही आणि कालपर्यंत पुरणारी गोळी आज पुरत नाही. तोंडाला घाण वास आणि चव येते. खोबणीत पाहिले तर गडद गुठळीऐवजी रिकामा खळगा, कधी तळाशी फिकट हाड दिसते. बहुधा ताप नसतो, गालही फार सुजलेला नसतो, त्यामुळे घरच्यांना रुग्ण उगाच कांगावा करतो असे वाटते.

यावर घरगुती उपाय नाही, दवाखान्याचा उपाय मात्र सोपा आहे. डॉक्टर सलाइनने खोबण धुतात आणि लवंगेतील युजेनॉल असलेली औषधी पट्टी आत ठेवतात. अनेकांना तासाभरातच आराम पडतो. पट्टी काही वेळा एक-दोन दिवसांनी बदलावी लागते आणि आठवडा-दहा दिवसांत दुखणे शमते. प्रतिजैविकाची जास्त ताकदवान गोळी मागण्यात येथे अर्थ नाही. पट्टीत युजेनॉल असते म्हणून घरी लवंगेचे तेल थेट खोबणीत ओतावे असाही निष्कर्ष काढू नये. शुद्ध तेल कच्च्या मांसाला भाजते. हळद, तुरटीची पूड, तपकीर आणि कोळशाचे मंजन यांचे कण तर आत रुतून बसतात आणि डॉक्टरांना ते आधी धुऊन काढावे लागतात.

वरच्या दाढा आणि खालच्या अक्कलदाढा

वरच्या मागच्या दाढांची मुळे गालफडातल्या सायनसच्या, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळीच्या, अगदी जवळ असतात आणि कधी दाढेबरोबर मधला पातळ पडदा फाटतो. पाणी पिताना ते नाकातून आले किंवा नाक शिंकरताना जखमेतून हवा फुसफुसली तर लगेच कळवावे. तोवर नाक जोराने शिंकरू नये आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी. वरची दाढ काढल्याने नजर कमी होते, ही भीती मात्र निराधार आहे. दाताची संवेदना वाहणारी नस आणि दृष्टीची नस पूर्णपणे वेगळ्या आहेत. भीतीपोटी किडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात ठेवणारे लोक आजही भेटतात, आणि त्या दाढेचा पू मात्र खरोखरच डोळ्याखालपर्यंत चढू शकतो.

खालच्या अक्कलदाढेनंतर दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ, हनुवटी किंवा जिभेची एक बाजू बधीर राहिली तर भूल अजून उतरली नाही असे समजून गप्प बसू नये. नस दुखावली गेल्याने असे होऊ शकते. बहुतेकांत ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरते, पण त्याची नोंद पहिल्याच आठवड्यात झालेली बरी.

कधी थांबू नये

रक्त दाबूनही थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढू लागली असेल, 101 अंश फॅरनहाइटहून अधिक ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. हनुवटीखाली आणि गळ्याकडे सूज उतरत असेल, थुंकी गिळता येत नसेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, आवाज बदलला असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर दंतवैद्यांच्या वेळेची वाट न पाहता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून मोठे रुग्णालय गाठावे. जबड्याखालचा असा संसर्ग काही तासांत श्वासमार्ग दाबू शकतो. सकाळपर्यंत पाहू, हे वाक्य येथे चालत नाही.

आठवड्यानंतर

काळे रेशमी टाके साधारण सातव्या दिवशी काढतात आणि त्यात दुखत नाही. विरघळणारे टाके आपोआप सैल होऊन पडतात, लोंबणारा दोरा ओढू मात्र नये. खालच्या अक्कलदाढेच्या खोबणीत अन्न अडकत राहिले तर पाच-सात दिवसांनंतर, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे, सुईशिवायच्या सिरिंजने कोमट मिठाचे पाणी हलकेच सोडून ती धुता येते. काही आठवड्यांनी हिरडीतून टोचणारा बारीक हाडाचा कण वर येऊ शकतो. दाताचा तुकडा राहिला असे वाटून लोक चिडतात. बहुधा तो खोबणीच्या कडेचा सुटलेला कपचा असतो आणि आपोआप पडतो किंवा डॉक्टर चिमट्याने काढतात. खात्री करून घ्यायची तर एक एक्स-रे पुरतो.

अक्कलदाढेच्या जागी काही बसवावे लागत नाही. इतर दाढेची जागा मात्र रिकामी ठेवली तर शेजारचे दात हळूहळू तिच्याकडे कलतात आणि समोरचा दात त्या पोकळीत उतरू लागतो. हे एवढे सावकाश होते की दोन-तीन वर्षांनी लक्षात येते, आणि तोवर नवा दात बसवायला पुरेशी जागा उरलेली नसते. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का दात) किंवा काढता येणाऱ्या कवळीसाठी साधारण दोन-तीन महिने, इम्प्लांटसाठी (हाडात स्क्रू बसवून लावलेल्या दातासाठी) बहुधा तीन-चार महिने थांबतात. हाड कमी असेल तर अधिक. टाके काढायला जाल तेव्हाच या पुढच्या भेटीची तारीख ठरवून घ्यावी, कारण दुखणे थांबल्यावर दंतवैद्यांकडे आपणहून जाणारा माणूस विरळा.